गोदाबाईला जे माहीत नव्हतं

६ ऑगस्ट १९६२, अमरावती

आज मी बाई झालो! ग्रामसेवकाच्या प्रशिक्षणाला आलो, तर वाटलं होतं खताचे खड्डे मोजायला शिकवतील. महादेवराव सरांनी दुपारी मोठ्या टेबलावर कागद पसरला, निळ्या शाईनं नदी काढली, काडेपेट्यांची घरं मांडली. म्हणाले, हे गाव, आणि तुम्ही यातली माणसं.

चिठ्ठ्या उचलल्या. चंद्रभान पाटील झाला. माझ्या खोलीतला भगवंत, अचलपूरचा, तो कोतवाल. माझ्या चिठ्ठीत — 'गोदाबाई. विधवा. वय साठ. बौद्ध वस्ती, नाल्यापलीकडे, शेवटचं घर.' सगळे हसले. सर हसले नाहीत.

प्रत्येकाला एकेक चिंचोका दिला. आपलं माणूस जिथं असेल तिथं तो ठेवायचा. पाऊस-पीक सर कवड्या टाकून ठरवतात. नियम एकच — "तुम्हाला माहीत आहे म्हणून तुमच्या माणसाला माहीत आहे असं नाही. त्यानं जे पाहिलं, जे ऐकलं, तेवढंच त्याचं."

९ ऑगस्ट

मजा येते, खोटं कशाला लिहू. आज चंद्रभान पाटलानं वस्तीला विहीर नाकारली. राग मला आला, गोदाबाईला आला नाही. ती म्हणाली, "राहू द्या बापू, नाल्यातल्या झिऱ्याचं पानी गोड लागते." सर म्हणाले, शाबास.

मला लाज वाटली. माझे बाबा दीक्षा घेतल्यापासून कुणापुढं वाकले नाहीत. त्यांनी हे ऐकलं असतं तर!

१३ ऑगस्ट

नकाशात गोदाबाईच्या घराचं दार पेन्सिलीनं रस्त्याकडं काढलेलं होतं. मी बोलता बोलता म्हणून गेलो, "माहं दार नदीकडं हाये न!"

हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही.

सरांची पेन्सिल थांबली. मग त्यांनी रबरानं दार खोडलं आणि नदीच्या अंगाला काढलं. रेघ वाकडी आली. उठताना विचारलं, "तुम्ही कुठले, धर्मपाल?" भातकुलीकडचा, म्हटलं. "अकोल्याकडं कोणी नातलग?" नाही, सर.

१४ ऑगस्ट

गुडघा दुखतो. डावा. पडलो नाही, काही लागलं नाही.

१७ ऑगस्ट

भगवंत म्हणतो, "जेवतानी तू मले 'बापू बापू' करून राहिलता. काहून बे?" मला काही आठवत नाही. म्हटलं, उद्यापासून गोदाबाई तू हो. — "ना बा! मले भेव लागते."

२१ ऑगस्ट

आज पूर.

कवड्या टाकल्याच नाहीत सरांनी. नुसतं म्हणाले, तीन दिवस पाऊस आहे, नदी चढते आहे, कोतवालानं दवंडी द्यावी. भगवंतानं काडेपेट्यांमधून चिंचोका फिरवला. नाल्याशी आला, थांबला. "नाल्याले पानी हाये. मी वापस जातो." त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. आणि कोणाला नवलही वाटलं नाही! आमच्या वस्तीतही दवंडी यायची नाही. लांबून आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत.

"गोदाबाई काय करते?" सरांनी विचारलं.

नियमानं तिनं चूल पेटवायची, भाकर खायची, निजायचं. तिला कुठं काय माहीत? मी म्हणालो, "ती उठते. गाव सोडून चालू लागते."

"का?"

"चालू लागते, बस."

"पूर येणार हे तिला माहीत नाही! तुम्हाला माहीत आहे!" सर केवढ्यानं ओरडले! "ती घरातच होती!"

होती?

मी चिंचोका उचलला आणि नकाशाच्या बाहेर, टेबलाच्या पार कडेला नेऊन ठेवला. म्हणालो, "मी नाही ठेवणार तिला तिथं."

२२ ऑगस्ट

सरांनी व्हरांड्यात बोलावलं.

गाव खरं आहे. अकोल्याकडं, पूर्णेच्या काठी. तीन वर्षांपूर्वी सर तिथं विस्तार अधिकारी होते. कोतवाल नाल्यावरून परतला हे त्यांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. "मी स्वतः जाऊ शकत होतो. पाणी फार नव्हतं तेव्हा." गेले नाहीत. अहवालात लिहिलं — दवंडी सर्वत्र दिली. बाकीची वस्ती उंचावर होती, वाचली. गोदाबाईचं घर सखलात. सकाळी तिथं घर नव्हतं.

"आणि दार?"

"नदीकडंच होतं. नकाशात मीच दर वर्षी फिरवतो. बघवत नाही."

दर वर्षी नव्या पोरांना हेच गाव देतात. दर वर्षी गोदाबाई घरातच राहते. यंदा पहिल्यांदा निघाली.

"पुन्हा गेलात तिथं?"

"तोंड नव्हतं. बदली मागून घेतली."

मी म्हणालो, रविवारी जाऊ. सरांना असं सांगणारा मी कोण! पण ते हो म्हणाले.

२६ ऑगस्ट, रविवार

अकोल्यापर्यंत एस.टी., पुढं दुसरी गाडी, मग पायी. नाल्यात उतरताना सरांनी माझा हात घट्ट धरला.

वस्तीत चतुराबाई नावाची म्हातारी अंगणात तूर पाखडत बसली होती. सरांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दवंडी, अहवाल, गोदाबाई. काही लपवलं नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"गोदा कुठं मेली? ते तं अकोल्याले हाये, लेकीपाशी. पुराच्या आदल्या सांजेलेच निंगून गेलती. घरच वाहून गेलं, मंग वापस काहाले येईन?"

सर तिच्यासमोर अंगणातच बसले. "मला कोणी सांगितलं नाही!"

"तुमी इचारलं कवा?"

२७ ऑगस्ट, अकोला

गोदाबाई भेटली. सर दाराबाहेरच थांबले, मी आत गेलो. विचारलं, आजी, त्या सांजेला घरातून कशी काय निघालीस?

"काय सांगू बापू! चूल पेटवून राहिलती. घरात मी एकटी. न मांगून कोनीतरी बोललं, तुमच्यावानी, शायेत शिकलेलं बोलनं — 'मी नाही ठेवणार तिला तिथं.'"