सुतकाचं कारण

पेडगाव,
चैत्र शुद्ध पंचमी, १३५४ फसली

प्रिय सिद्धम्मा,

तुझं पत्र पोचलं. अपील मुदतीत का केलं नाही, असं तू विचारलंस. जावईबापूंनीही विचारलं असेल. त्यांना सांग, चूक माझीच.

बन्सीधर व्यापारी कापसाच्या धंद्यात बुडाला आणि गाव सोडून गेला. बँकेने त्याचा जामीन म्हणून मला धरलं. मी सही केलेलं कर्ज त्याने फेडलं होतं; पुढचं कर्ज बँकेने मला न विचारता दिलं. तरी खालच्या अदालतीत निकाल माझ्याविरुद्ध गेला. दिनकरराव वकील म्हणाले, अपिलात हे टिकणार नाही, फक्त महिन्याच्या आत या. निकालाची नक्कल हातात येईपर्यंत महिना संपत आला, तेवढ्यात तुझी आई गेली.

मी परभणीला पोचलो तेव्हा मुदत टळून अकरा दिवस झाले होते. दिनकररावांनी अर्जात उशिराचं कारण लिहिलं, पत्नीचं सुतक. ते ब्राह्मण, त्यांना तेच सुचलं. मी अर्ज वाचला आणि सही केली. आपल्यात सुतक पाळत नाहीत, हे मी सांगायला हवं होतं. पण मग खरं कारण सांगावं लागलं असतं.

बँकेच्या वकिलाने नेमकं तेच धरलं. हे लिंगायत, यांना सुतक कसलं, आमच्या शेजारचे तर मातीच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडतात, असं तो म्हणाला. लोक हसले. जज्जसाहेबांनी मला विचारलं, पाळता का सुतक. मी नाही म्हणालो. मग इतके दिवस काय करत होता? त्यांनी विचारलं. रोज मी सकाळच्या गाडीसाठी निघायचो आणि स्टेशनची वाट सोडून शेतात, तुझ्या आईला पुरलं तिथं, तिच्यापाशी जाऊन बसायचो. हे भर अदालतीत कसं सांगू? कारण खोटं ठरलं, अपील दाखल झालंच नाही.

पौर्णिमेला बँकेच्या वसुलीसाठी शेताची हर्रास आहे, जास्त बोली लावेल त्याचं शेत. लगतच्या शेताचे किशनराव घेणार म्हणतात. बांधाजवळची तेवढी जागा सोडा, असं मी त्यांना म्हणालो. ते म्हणाले, अप्पा, मी सोडीन की, पण नांगरताना बैलाला काय कळतंय? तिथं अजून दगडसुद्धा बसवलेला नाही. आई नेमकी कुठं आहे ते मलाच ठाऊक. तू रागावली असलीस तरी पौर्णिमेच्या आत ये. नंतर तिच्यापाशी जायला आपल्याला दुसऱ्याला विचारावं लागेल.

तुझा,
अप्पा