'मंत्री सकारात्मक'

नाशिक रोड, मंगळवार संध्याकाळ

सुनंदाताईंचा तो प्रश्न डोक्यातून जातच नाहीये. त्याही माझ्यासारख्याच, कुठल्या पेपरच्या नाहीत. देवळ्याहून एसटीने येतात, स्वतःच्या चॅनेलवर दिल्लीचं राजकारण समजावून सांगतात.

आज केंद्रातल्या मंत्र्यांची पत्रकार परिषद होती. कांद्याची निर्यात कधी खुली करणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, "देखेंगे, जरूर देखेंगे." झालं, सगळ्यांच्या माना फोनमध्ये. मी 'मंत्री' एवढंच टाइप केलं, तर पुढचं 'सकारात्मक' फोननेच सुचवलं. हद्द आहे!

तेवढ्यात सुनंदाताई उठल्या. "साहेब, हमारे देवळा में लड़कीवालों को 'देखेंगे' बोला ना, तो वो दूसरा लड़का ढूंढने लगते हैं. आपका 'देखेंगे' हाँ है या ना?"

हॉल हसला, मंत्रीही हसले. ताई मात्र माइक धरून उभ्याच. काय बाई आहे! मला का नाही सुचलं हे? शेवटी मंत्री हळूच म्हणाले, "अभी तो ना ही समझिए."

खरी बातमी ही. मी 'सकारात्मक' पुसून टाकलं.

बाहेर आयोजकांचा चेहरा पडलेला. ताईंनी त्यांनाच गाठलं. "भाऊ, पुढच्या वेळी निरोप धाडाल ना मला?"

"बघू ना, ताई."

ताई इतक्या मोठ्यांदा हसल्या की पार्किंगमधले ड्रायव्हर वळून बघायला लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चल भाऊ, हे स्थळ गेलं आपलं."