नळीला वामकुक्षी चालत नाही

शनिवार पेठ, पुणे

आप्पासाहेब,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण मला आडवं होण्याची मनाई आहे, तेव्हा बसूनच स्वीकारावा. आपण खुशाल असालच. वहिनींचे गुडघे काय म्हणतात?

अर्धांगाच्या झटक्यापासून माझं बोलणं आणि गिळणं दोन्ही बंद आहे. उजवा हात तेवढा शाबूत, म्हणून हे पत्र. जेवण नाकातून पोटात गेलेल्या नळीने. आमची नर्स उत्कर्षा (वय लहान, दरारा मोठा) आधी नळीवरची खूण जागेवर आहे ना ते पाहते, खाटेची डोक्याकडची बाजू उचलून मला बसवते आणि गाळलेली पेज सिरिंजने अगदी सावकाश सोडते. शेवटी थोडं कोमट पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. मग तासभर मी तसाच, भिंतीवरच्या फोटोसारखा.

गेल्या आठवड्यात आपण प्रेमाने भेटायला आलात. उत्कर्षा सिरिंज धुवायला आत गेली आणि आपल्याला माझी दया आली. जेवलेला माणूस भर दुपारी ताठ बसलाय, हे आपल्याच्याने बघवेना! आपण हँडल फिरवून खाट सपाट केलीत, वामकुक्षीसाठी मला डाव्या कुशीवर वळवलंत, वर पांघरूणही घातलंत. मी हाताने 'नको, नको' करत होतो. आपण पंखा लावलात.

पेज उलटून घशात आली. ठसका असा लागला, की ती वामकुक्षी कायमचीच व्हायची. उत्कर्षा धावत आली, खाट वर केली, माझी मान एका बाजूला वळवली, नळी उघडून पोटातलं बाहेर येऊ दिलं आणि आपल्याकडे नुसतं पाहिलं. त्यासरशी आपण जिना उतरलात. (डॉक्टरांनी छाती तपासली. बचावलो.) तेव्हापासून आपण फिरकला नाहीत, मी लावून घेतलेला फोनही उचलत नाही. घरच्यांचं मत विचाराल, तर हे उत्तमच चाललंय.

आपला बसलेला,
श्यामसुंदर

ता. क. : आपल्या चपला इथेच राहिल्या. सूनबाई त्या घालून भाजी आणते.

ता. क. दुसरा : गुरुवारी माझ्या गिळण्याची तपासणी आहे. जमलं तर पहिला चमचा घट्ट दह्याचा. अरे आप्पा, मला भीती वाटते रे. वहिनींनी विरजलेलं दही घेऊन ये. उत्कर्षा शेजारी उभी राहील, पण चमचा तू धर. मी तिला तसं लिहून दिलंय.

ता. क. शेवटचा : खाटेचं हँडल तिने काढून कपाटात ठेवलंय. बिनधास्त ये.