मधले गप्प महिने

अण्णा, आज रविवार, पण उंदरांना रविवार कळत नाही. सकाळी मारुंजीच्या खोलीवरून निघून प्रयोगशाळेतलं त्यांचं काम उरकलं आणि आता घरी, महाळुंग्याला आलेय. आई आत भाकऱ्या थापतेय. धाकटा कंपनीतून यायचाय, त्याची वाट बघत मी तुम्हाला लिहायला बसलेय. तुमची लेक काय करते असं कुणी विचारलं की आई सांगते, "डोक्याचं काय तरी शिकती." तुम्ही एवढ्यावर गप्प बसला नसता.

तर ऐका. धडधाकट उंदराच्या मेंदूतल्या काही पेशी आम्ही अशा बदलून घेतो की निळा उजेड पडला की त्या जाग्या होतात. केसासारखी बारीक काचेची तार आत सोडलेली असते, उजेड तिच्यातून जातो. शेजारी सेन्सर असतात, ते मेंदूतली वीज टिपतात आणि पडद्यावर रेघ उमटते. रोज तेवढाच उजेड, तेवढाच वेळ. सुरुवातीला काही होत नाही, उंदीर खातो, मिशा साफ करत बसतो. मग एक दिवस त्याच उजेडानं त्याला आकडी येते, आणि पुढं येतच राहते. चांगला मेंदू आकडी शिकतो, अण्णा, आणि शिकवणारी मी. तो शिकण्याआधीच्या गप्प दिवसांत रेघेवर काही खूण दिसते का, एवढंच मला शोधायचंय. एका उंदरात सापडल्यासारखी वाटते, दुसऱ्यात नसते. नुसती दमले नाही, कंटाळलेय मी.

तुमचे गप्प महिने मला आठवतात. कंपनीत प्रेसचा जड साचा, डाय, उचलताना क्रेनचा हुक झुलला आणि तुमच्या डोक्यात बसला. टाके पडले, खपली धरली, तुम्ही कामावर रुजू. वर्षभर काही नाही. आईनं मारुतीला नारळ फोडला तेव्हा तुम्ही म्हणालात, "शेतकऱ्याचं डोकं हाय, कंपनीच्या हुकानं काय व्हतंय?" आम्ही सगळे हसलो. मग एका सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही चहाची बशी तोंडाशी नेता आणि हात तिथंच थांबतो. मान एका बाजूला वळते, तुम्ही ओट्याशी कोसळता. आई कांदा फोडून नाकाशी धरते, शेजारची काकू चप्पल घेऊन धावत येते. बऱ्याच वेळानं तुम्ही डोळे उघडता आणि विचारता, "आज कांद्याची भाजी हाय व्हय?" त्या दिवशीसुद्धा मी हसले होते, रडता रडता.

कंपनीत कांदा कुठला, तिथं लोखंड. शेजारच्या प्रेसवरच्या चाचांनी तुमच्या मुठीत पाना दिला आणि "लोखंड पकडा भाऊ, सोडू नका" म्हणत तुमच्याशेजारी बसून राहिले. आकडी थांबली. ती तशीही थांबली असती. बहुतेक आकड्या थोड्या वेळात आपल्या आपण थांबतात, आणि त्या वेळी हातात जे असेल त्याला मान मिळतो. पण लाईनवरच्या सगळ्यांचा विश्वास बसला. सुपरवायझरला कारण कळू न देता त्यांनी तुम्हाला प्रेसवरून पॅकिंगला सरकवून घेतलं, आणि चाचांनी एक मोठा नट आणून दिला, कायम खिशात ठेवायला. त्यानं तुमच्या पँटींचे खिसे फाटायचे आणि आई शिवता शिवता वैतागायची. मी तेव्हा दहावीत, विज्ञान डोक्यात गेलेलं. "अण्णा, नटानं काही होत नसतं, डॉक्टरांची गोळी चुकवू नका," असं मी सुनावलं. तुम्ही एकदाच माझ्यावर आवाज चढवलात, तो तेव्हा. "चाचानं मनापासनं दिलाय. ऱ्हाऊ दे माझ्या खिशात, तुझं काय जातंय?" त्यानंतरच्या पावसाळ्यात थर्ड शिफ्ट करून आलात, दुपारी आडवे झालात, ते उठलाच नाहीत. नट खिशातच होता.

हे सगळं आज निघालं ते धाकट्यामुळं. होळीनंतर तळेगावहून येताना त्याची गाडी घसरली. हेल्मेट होतं, पण आरशाला अडकवलेलं. डोक्यात थोडं रक्त साकळलं. काही दिवसांनी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता ठीक आहे, लक्ष ठेवा." तो परत कामाला लागलाय, तोही प्रेसवरच. जेवतो, थट्टा करतो, ओव्हरटाइम सोडत नाही. पुढं काही होणारही नाही कदाचित, बऱ्याच जणांना होत नाही. पण तुम्हाला झालं. जेवताना त्याचा हात जरा जरी थांबला तरी मी घास सोडून त्याच्याकडं बघत राहते. "ताई, अशी काय बघतीस? मी काय तुझा उंदीर हाय का?" म्हणतो. त्याला काय सांगू? इतकी वर्षं घालवून त्याच्या डोक्यात आत्ता काय चाललंय ते मला सांगता येत नाही, थांबवणं तर लांबच. मला भीती वाटते, अण्णा. एवढं शिकून भीती तेवढीच.

गेल्या रविवारी डब्याच्या पिशवीच्या तळाशी त्याला तुमचा नट सापडला. "आई, आता मला बी लोखंड का गं?" त्यानं विचारलं. आई म्हणाली, "मी न्हाई ठिवला. तूच कुठनं काढला असशील, अन् आता लाजतोय." दोघंही हसत होते. तुम्ही गेल्यावर तो मी उचलला होता, पुढं इतकी वर्षं प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असायचा. हे त्या दोघांना माहीत नाही. धाकट्यानं नट जरा हातात खेळवला, मग पुन्हा पिशवीत टाकला, आणि मी ताटातून मान वर केली नाही.

बाहेर गाडी थांबली, आला वाटतं. हा कागद घडी करून पर्समध्ये ठेवते, पाठवायचा कुठं? नट मी ठेवला होता, अण्णा.