डोकी काढलेले अकरा मासे

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. पण आत्या, तपासायला मागवलेल्या त्या अकराही माशांची डोकी कुठे गेली गं? पोटंही साफ!

तुला सांगितलं होतं ना, पुस्तकात या चिमुकल्या माशाला जबड्यावरून तारलीच्या, म्हणजे हेरिंगच्या घराण्यात घातलंय. माझ्याकडच्या गेल्या वर्षीच्या एकुलत्या एका माशाची जनुकं मात्र मांदेलीशी, म्हणजे अँचोव्हीच्या घराण्याशी जुळतात. सर म्हणतात, तुझ्या हातून नमुने एकमेकांत मिसळले असणार. महिनाअखेर प्रबंध द्यायचाय, तेव्हा तो मासा गाळून टाक, असंही सांगतात. गाळला तर माझं तीन वर्षांचं म्हणणंच जातं. तपासलेला मासा अख्खा बाटलीत जपावा लागतो, पुढे कुणी शंका घेतली तर दाखवायला. आता बिनडोक्याचा मासा कुणाला दाखवू? आधी हसले, मग खरोखरच रडले.

रागावले आहे, पण लोभ आटलेला नाही.

तुझी भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चुकलंच माझं. पण अगं, आपल्या माणसाला कुणी पोटातल्या घाणीसकट मासा पाठवतं का? चाळीस वर्षं बंदरावर मासे साफ करतेय, हात मला विचारत बसत नाही. तुझं पत्र ऐकून टेबलावरच्या बायका हसून हसून बेजार झाल्या.

एक मात्र सांगते. त्या अकरांना मी सुरी लावलेलीच नाही. तारलीचं डोकं सुरीनेच कापावं लागतं, नाहीतर मांस फाटतं. मांदेलीचं तसं नाही; कल्ल्याखाली अंगठा घालून एक झटका दिला की डोक्याबरोबर आतडीही बाहेर. तुझा हा चिमुकलाही तस्साच निघतो. म्हणून आम्ही त्याला पहिल्यापासून मांदेलीच्याच टेबलावर ढकलतो. सरांना विचार, त्यांनी कधी तो साफ केलाय का? तू त्याला मुळीच गाळू नकोस.

मोसम संपत आलाय, तरी होड्या येतील तेव्हा धक्क्यावर उभी राहीन. वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी आत्या

२१ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, म्हणजे अजून रुसलीयस. वाऱ्यामुळे आठ दिवस होड्या किनाऱ्यालाच होत्या. काल आपले दोनच मासे आले. एकाचं डोकं मी सवयीने उडवलंच! दुसऱ्याला हात लावला तशा सगळ्या जणी एकदम ओरडल्या, धाकट्या जावेने तर माझं मनगटच धरून ठेवलं. तो एक अख्खा पाठवतेय. पोरी, स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवू नकोस. मला तुझी फार काळजी वाटते.

दोन ओळी टाक, शिव्या असल्या तरी चालतील.

तुझी आत्या

३० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रुसले नव्हते गं, कामात बुडाले होते. तुझं अंगठ्याचं पत्र मी सरांना वाचून दाखवलं. आधी ते हसले. मग बाजारातून तारल्या आणि मांदेल्या मागवल्या, बाह्या सरसावल्या आणि अंगठ्याने दोन तारल्यांचा पार चेंदामेंदा केला; मांदेल्या मात्र झटक्यात साफ झाल्या. हात धुताना म्हणाले, सगळं माझ्यासमोर पुन्हा तपास. जनुकं काढायला नखाएवढं मांस पुरतं, त्याला डोकं लागत नाही. रागाच्या भरात फ्रीझरच्या तळाशी कोंबलेले तुझे अकरा बाहेर काढले. अकराच्या अकरा मांदेलीच्या घरचे निघाले! बारावा, तुझा अख्खा, तोही. काल सरांनी प्रबंधावर सही केली.

बारावा आता बाटलीत आहे. बाटलीवरच्या चिठ्ठीत एक रकाना असतो, मासा कुणी ओळखला त्याचा. मी सरांचं नाव लिहायला घेतलं, तर त्यांनीच अडवलं. मग तिथे तुझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, मासे साफ करण्याचा अनुभव चाळीस वर्षं. ही शाई पुसत नाही, आत्या.

पुढच्या महिन्यात येतेय. टेबलाशी तुझ्या शेजारची जागा ठेव, मला तो अंगठ्याचा झटका शिकायचाय.

लोभ आहे तस्साच राहू दे.

तुझी भिंगरी