पोपटाचा झगा

९ जानेवारी

पोपट! संगीताच्या बाईंनी मला नाटकात पोपट दिला. भरवर्गात जाहीर केलं. मागच्या बाकावरून लगेच कुणीतरी म्हणालं, याचा पोपट झाला. सगळे फिदीफिदी हसले. मीही हसलो. न हसून करतो काय?

नाटक सगळं गाण्यांचं आहे. राजकन्या मनोऱ्यात कोंडलेली, राजपुत्र खाली. दोघांची भेट होत नाही, म्हणून पोपट त्याचं गाणं वर जाऊन तिला म्हणून दाखवतो आणि तिचं खाली येऊन त्याला. म्हणजे पोस्टमन. पंखवाला.

राजकन्या झाली टॉपर, आमच्या वर्गातली पहिल्या नंबरची. आणि राजपुत्र लंबू. दुसरं कोण असणार! तो नुसता उभा राहिला तरी राजपुत्र दिसतो. डोकं दाराच्या चौकटीला लागतं म्हणून किंचित वाकून आत येतो, आणि तेव्हा मला कुठे बघावं ते कळत नाही.

हे इथे लिहिलं. दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

१२ जानेवारी

कपड्यांची पेटी उघडली. दुसऱ्या शाळांत म्हणे नाटकाचे कपडे नुसतेच कपडे असतात. आमच्या पेटीतल्या कपड्यांना मानेमागे बंद आहेत. ते बांधले की भूमिका अंगात शिरते. यात कुणाला नवल वाटत नाही. गेल्या वर्षी सिंह झालेल्या मुलाने मधल्या सुट्टीत शिपायाला जिन्यापर्यंत पळवलं. मुख्याध्यापकांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं आणि विषय संपला.

नियम दोनच. आपले बंद आपल्याला बांधता-सोडता येत नाहीत. आणि ज्याने बांधले त्यानेच सोडायचे — दुसऱ्याने हात लावला की गाठ आणखी आवळते.

माझा झगा हिरवागार, कोपरापासून पिसं. बाईंनी बंद बांधले आणि घशात कुणी बूच मारल्यासारखं झालं. मला म्हणायचं होतं, बाई, जरा घट्ट होतंय. तोंडातून आलं, "आता बोलून बघ." कारण बाई तेच म्हणाल्या होत्या! समोरचा शेवटचं जे बोलला, तेवढंच मला बोलता येतं. स्वतःचं एक अक्षर नाही.

तशी मला सवय आहे म्हणा. घरी वेगळं काय करतो? बाबा म्हणतात सायन्स, मी म्हणतो सायन्स. आई म्हणते मोठा झालास की तुझ्यासाठी छान मुलगी शोधू, मी म्हणतो शोधू.

१५ जानेवारी

लंबूने आज निळा स्वेटर घातला होता. बस, एवढंच.

१९ जानेवारी

आजच्यासारखा दिवस शत्रूवरही येऊ नये.

तालीम चालू असताना बाईंना फोन आला — त्यांची आई घरात घसरून पडली. बाई पर्स उचलून धावत सुटल्या. सगळ्यांचे बंद बाईंनीच बांधलेले. राजा, पहारेकरी, टॉपर, लंबू हे सगळे त्यांच्यामागे गेटपर्यंत पळाले आणि मोकळे झाले. मी तेव्हा मनोऱ्याच्या शिडीवर होतो. त्या झग्यात उतरेपर्यंत रिक्षा गेली पण!

तसाच घरी आलो. वरून ओव्हरकोट, खालून पिसं. बाबा टायरच्या दुकानातून लवकर आले होते. टायरवाल्यांचा संप असेल नाहीतर माझं नशीब. त्यांनी विचारलं, चाचणीत किती पडले. मी म्हणालो, चाचणीत किती पडले. ते म्हणाले, मला उलट विचारतोस? मी म्हणालो, मला उलट विचारतोस? पुढचं लिहीत नाही. गाल अजून हुळहुळतोय.

शेवटी ताईच्या लक्षात आलं. तिने ओव्हरकोट बाजूला करून पिसं पाहिली, मला बाबांसमोर उभं केलं आणि म्हणाली, म्हण, बाई गाठ सोडायला विसरल्या. मी घडाघडा म्हणालो. बाबांचा हात खाली आला, पण ते सॉरी काही म्हणाले नाहीत. पिसांकडे बघत राहिले. मग आईला म्हणाले, "मुलगा म्हणून जन्माला घातला होता ना याला?"

आणि मला तेही म्हणावं लागलं. त्यांच्याच तोंडावर, त्यांच्याच आवाजात. आई स्वयंपाकघरात निघून गेली.

सात वाजता बाई स्वतः घरी आल्या, गाठ सोडली, शंभरदा माफी मागितली. मी म्हटलं, काही नाही बाई. हे मात्र माझं मी बोललो — आणि तेच खोटं होतं.

२० जानेवारी

बाईंनी नवीन पद्धत काढली. आता जोड्या. ज्याचं ज्याच्याशी काम जास्त, त्याने त्याचे बंद बांधायचे. पोपटाचं काम जास्त कुणाशी? राजपुत्राशी!

लंबूची बोटं गार असतात. त्याला गाठी धड मारता येत नाहीत, सोडताना तर पार गुंता करतो. मानेमागे पुटपुटत असतो, "थांब हं, हलू नकोस." मी कशाला हलतोय!

मग मी त्याचे बांधले. त्यासाठी त्याला गुडघ्यावर बसावं लागलं. त्याच्या मानेवर, केसांच्या रेषेखाली एक तीळ आहे. हे जगात मला आणि त्याच्या आईलाच माहीत असणार.

२७ जानेवारी

बंद बांधून झाले की आमचा प्रवेश येईपर्यंत आम्ही दोघं पडद्यामागच्या बाकड्यावर बसून असतो. मी बोलू शकत नाही म्हणून लंबू बोलतो; राजपुत्राचे बंद जीभ अडवत नाहीत. मोकळा असतो तेव्हा तो घुम्या, पण पोपटापाशी त्याची टकळी सुरू होते. वडील आणि आई वेगळे राहतात, त्याला दोन्हीकडे दात घासायचे ब्रश आहेत पण झोप कुठेच नीट लागत नाही, असं काय काय. प्रत्येक वाक्याला मी त्याचंच वाक्य परत करतो. त्याला त्याचं हसू येतं. म्हणाला, तुझ्याइतकं कुणी ऐकत नाही.

आज मधेच त्याने विचारलं, "तुला आवडतं का रे कुणी?"

मी म्हणालो, "तुला आवडतं का रे कुणी?"

म्हणजे मी नाही, झगा. पण लंबू खाली बघायला लागला. कानाच्या पाळ्या लाल. बराच वेळ तलवारीच्या मुठीवरचा चिकटपट्टीचा तुकडा उकरत बसला. मग बाईंनी हाक मारली.

कोण असेल? टॉपर. टॉपरच असणार. सगळी शाळा तेच म्हणते. मीच गाढव.

३ फेब्रुवारी

आज तालमीत पहिल्यांदा राजकन्येचं गाणं झालं. टॉपर मनोऱ्यातून गाते — खाली उभा राहा जरा, माझी खिडकी उजळू दे. मी शिडीवरून उतरतो आणि लंबूच्या समोर उभा राहून तेच गातो.

हॉलमध्ये जमलेल्या सगळ्यांसमोर, पेटी-तबल्यावर, त्याच्या डोळ्यांत बघून! माझ्या मनात जे आहे त्याच्या जवळपास जाणारं. पण शब्द टॉपरचे, निरोप टॉपरचा, आणि मी आपला मधला हरकाम्या. लंबूला वाटणार, ती गातेय. शेजारच्या घरचं पार्सल आपल्या दारात येतं, आपण सही करतो आणि नेऊन देतो, तसं.

गाणं संपल्यावर मागच्या बाकावरचे टाळ्या वाजवून म्हणाले, पोपटाला मैना नको, राघूच हवा. लंबूने ऐकलं. मीही ऐकलं. शेवटचं तेच ऐकलं म्हणून मला ते मोठ्याने म्हणावंही लागलं. हॉल हसून हसून कोसळला.

मेलो असतो तर बरं झालं असतं.

४ फेब्रुवारी

पोट दुखतं म्हणून शाळेत गेलो नाही. खरोखरच दुखत होतं.

५ फेब्रुवारी

लंबूने विचारलं, काल का नाही आलास. त्याने काल आपले बंद कुणालाच बांधू दिले नाहीत म्हणे, तालीम तशीच केली. बाई चिडल्या. मी म्हटलं, पोट. तो म्हणाला, हं. बाकी त्या टाळ्यांबद्दल एक शब्द नाही. तो चांगला आहे म्हणून बोलला नाही की त्याला किळस आली म्हणून? कसं कळणार? हे विचारायची सोयच नाही. विचारलं की मेलोच.

८ फेब्रुवारी

निकाल लागला माझा. म्हणजे परीक्षेचा नव्हे. काका आले होते. बाबांनी आणि त्यांनी चहा पिता पिता ठरवलं : परीक्षा झाली की मी काकांकडे. दुसरं गाव, तिथलंच कॉलेज, काकांच्या गोदामाच्या वरची खोली. "चार पुरुषांत राहिला की सुधारेल," काका म्हणाले. बाबा म्हणाले, गाणंबिणं हे शेवटचं.

कुणी मला विचारलंच नाही. आईने कप उचलले. ताई भांडली, तिला गप्प बसवलं. मग बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, कळलं ना? मी म्हणालो, कळलं. झगा अंगावर नव्हता! तरी तेच. माझ्यात आणि पोपटात फरक काय, सांगा कुणीतरी.

नाटक झालं की दहावीला सुट्टी, अभ्यासाची. मग परीक्षा, मग गोदाम. म्हणजे लंबूला सांगायला नाटकापर्यंतचेच दिवस. आणि मला सांगायचंय. तो थुंकला तरी चालेल. एकदा, माझ्या तोंडाने, माझं वाक्य. नाहीतर त्या गोदामात मी जन्मभर टायर मोजत बसेन आणि कुणाला पत्ताही लागणार नाही की मी असा होतो.

११ फेब्रुवारी

सांगायला गेलो. बसस्टॉपवर तो एकटा होता. मी समोर जाऊन उभा राहिलो, तोंड उघडलं आणि म्हणालो, तुझ्याकडे भूमितीचं गाईड आहे का?

त्याने दप्तरातून काढून दिलं. आता माझ्याकडे दोन गाईडं झाली.

१६ फेब्रुवारी

लंबू आणि टॉपर जिन्यात बोलत उभे होते. ती हसत होती, त्याचा हात धरून काहीतरी समजावत होती. मला बघून दोघं गप्प. बास! आणखी काय पुरावा हवा?

आज त्याने बंद बांधले तेव्हा मी मान ताठ ठेवली. तो म्हणाला, रागावलास? मी म्हणालो, रागावलास? तो म्हणाला, "मी कशाला रागावू तुझ्यावर?" मीही तेच म्हणालो. भांडणसुद्धा करता येत नाही या झग्यात!

२१ फेब्रुवारी

रंगीत तालीम. आधी घडलं ते लिहितो, मग रडतो.

पडद्यामागे अंधारलेलं होतं, लाईटवाला बल्ब बदलत होता. लंबू माझ्या मागे उभा राहून बंद बांधत होता. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. माझा घसा आधीच कोरडा, बूच केव्हा बसलं कळलंही नाही. मग तो पुढे आला; त्याचे बंद मी अजून बांधले नव्हते. चेहरा पांढराफटक, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. म्हणाला, "मला तू आवडतोस."

आणि मी म्हणालो, "मला तू आवडतोस."

तो बघत राहिला. डोळे भरले त्याचे, आणि हसला. मला किती बोलायचं होतं! खरंच, केव्हापासून, टॉपरचं काय, पुन्हा म्हण — सगळं एकदम छातीत दाटलं. पण तोंड उघडायचा प्रयत्नही केला नाही. उपयोग काय? त्याचंच वाक्य बाहेर पडणार. तेवढ्यात घंटा झाली.

नाटकभर मी कुठे होतो देव जाणे. मधे एक अख्खी ओळ खाल्ली. बाई ओरडल्या, पोपट चुकतो कसा? शेवटी लंबूने एका झटक्यात बंद सोडले. त्याचे वडील फाटकात हॉर्न वाजवत होते, तो पळाला.

आता रडतो.

पंधरा-सोळा वर्षांत कुणी मला हे म्हणालं नव्हतं. म्हणालं, तेही लंबूने. आणि मी काय केलं? पोपटपंची! त्याने "मला तुझा तिटकारा आहे" म्हटलं असतं तरी मी तेच परत केलं असतं. हे त्यालाही माहीत आहे. त्याने जीव मुठीत धरून सांगितलं आणि उत्तर म्हणून त्याला त्याचाच आवाज मिळाला. आता उद्या मी हजारदा सांगितलं की ते माझं होतं, तर तो म्हणेल, तू आपला चांगुलपणाने म्हणतोयस. ते एक वाक्य होतं माझ्याकडे. तेही या हिरव्या फडक्याने खाल्लं.

२२ फेब्रुवारी

नाटक झालं. पडदा पडल्यावर लंबू माझ्या मानेमागच्या गुंत्याशी झटापट करत होता. कानाशी म्हणाला, "काल मी गाठ मारलीच नव्हती. बंद नुसते कॉलरखाली खोचले होते."

म्हणजे काल ते माझं मी बोललो.