सुल्तानहिसार बोटीवरचे काळे हात

टूनगॅबी, सिडनी
रविवार, २२ जून २०२५

तीर्थरूप आईस,
मीनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. इथे थंडी चांगलीच पडलीय. सलिल घरात मफलर गुंडाळून बसतो आणि मला म्हणतो, "तुला थंडी कशी वाजत नाही?" मी दिवसभर कामात असते म्हणून वाजत नाही, हे त्याला अजून सुचलेलं नाही. तुझा गुडघा कसा आहे? लीनामावशी म्हणते, तू काठी घ्यायला तयार नाहीस. घे, आई. काठीने कोणी म्हातारं होत नाही, पडल्याने होतं.

सलिलच्या ऑफिसातला भास्कर शुक्रवारी भारतात निघालाय. त्याची सासुरवाडी साताऱ्याचीच, म्हणून हे पत्र त्याच्या हाती देतेय. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे मला ओरडून सांगायचं नाहीये.

आधी मेंदीचं. गेल्या रविवारी तुझ्या नातीने, ऋतिकाने, फॅमिली ग्रुपवर आपल्या तळहाताचा फोटो टाकला आणि लीनामावशीने अर्ध्या तासात साखरपुडा जाहीर केला. मुलगा कोण, काय करतो, आपल्यातला आहे का, म्हणून मला सतरा मेसेज. मी उत्तर देईपर्यंत तू म्हणे कंदी पेढे वाटलेस आणि लॉकरमधल्या पाटल्याही काढून आणवल्यास. पेढे आता परत मागू नकोस, लोक हसतील. पाटल्या मात्र तूर्त ठेवून दे. लग्न नाहीये, आई. मुलगाही नाही. तो फोटो नीट बघ, तळहाताच्या मधोमध नुसता गोल ठिपका आहे. आपल्याकडे नवरीला अशी मेंदी काढली तर काढणारीला चहासुद्धा न देता घरी पाठवतील.

ती मेंदी नेर्मिनने लावली. नेर्मिन म्हणजे आमची शेजारीण, सत्तरीची तुर्की बाई. मी तिला आब्ला म्हणते, म्हणजे ताई. अकरा वर्षं कुंपणावरून आमची देवाणघेवाण चालू आहे. मी पुरणपोळ्या देते, ती लिंबं देते, आणि माझ्या झाडांना पाणी कमी पडतं म्हणून वर बोलणीही देते. दर जूनमध्ये ती तुर्कस्तानात बहिणीकडे जाते, म्हणून तिने मेंदी जरा आधीच उरकली. कशाची, ते सांगते. थोडा धीर धर.

तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर एका बोटीचा फोटो आहे. बोट कसली, नदीत फेऱ्या मारणाऱ्या लाँचपेक्षा थोडी मोठी. नाव सुल्तानहिसार. पहिल्या महायुद्धातली तुर्की टॉर्पेडो बोट. नेर्मिनचे आजोबा त्या बोटीवर खाली भट्टीत कोळसा टाकायचे. तुला बोटींच्या गोष्टी नकोशा वाटतात हे मला ठाऊक आहे. आपल्या घरात असा विषय निघाला की तू उठून आत जातेस. आज पत्र आहे, उठून गेलीस तरी ते तिथेच पडून राहील. म्हणून वाच.

एकोणीसशे पंधराच्या एप्रिलमध्ये एक ऑस्ट्रेलियन पाणबुडी त्यांच्या सामुद्रधुनीतून लपतछपत आत शिरली. किनाऱ्यावर तोफा, पाण्यात सुरुंग, तरी आत पोचली. इथे तिचा फार अभिमान आहे आणि तो असावाच. पुढे पाच दिवसांनी तिचं काहीतरी बिघडलं, ती खाली राहीना, आणि नेमकी सुल्तानहिसारच्या पुढ्यात वर आली. त्या चिमुकल्या बोटीने टॉर्पेडो सोडले, ते चुकले. दुसरा कोणी मदतीची वाट बघत बसला असता. ही बोट मागे हटली नाही. लहान तोफांनी तिने पाणबुडीला भोकं पाडली. मग पाणबुडीच्या कॅप्टनने माणसं बाहेर काढली आणि शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ती आपणच बुडवली. सगळे जण समुद्रात.

नेर्मिनचे आजोबा तोवर खालीच होते. भट्टीपाशी असतो त्याला लढाई दिसत नाही, नुसती ऐकू येते. "वर या" अशी हाक आली तेव्हा त्यांना वाटलं, आपलीच बोट बुडतेय. वर येऊन बघतात तर पाण्यात गोरी माणसं आणि कठड्याला ओणवे झालेले आपले सोबती, त्यांना ओढून घेणारे. तेही ओणवे झाले. त्यांचे हात कोळशाने काळेकुट्ट होते. ज्याला त्यांनी वर घेतलं त्याच्या सदऱ्यावर पाचही बोटं उमटली, असं ते नातीला सांगायचे. पाणबुडीतला एकही माणूस त्या दिवशी मेला नाही. पुढे कैदेत चार जण आजाराने गेले, तेही नेर्मिन लपवत नाही. पण त्या दिवशी त्या बोटीने सगळ्यांना वर घेतलं. त्यांच्याच समुद्रात त्यांच्या बोटी बुडवायला आलेल्यांना.

मला त्या बोटीचं फार कौतुक वाटतं, आई. लढायची वेळ आली तेव्हा जिवावर उदार होऊन लढली, आणि लढाई संपली त्याच क्षणी हात पुढे केला. मध्ये राग धरायलाही वेळ घेतला नाही. मी तर सलिलशी भांडले की दोन दिवस भाजीत मीठ कमी घालते.

आता मेंदी. नेर्मिन सांगते, त्यांच्याकडे तिघांना मेंदी लावतात. लग्नाच्या नवरीला, कुर्बानीच्या मेंढ्याला, आणि सैन्यात जाणाऱ्याला. या तिघांना एका पंगतीला बसवणाऱ्या बायकांना काय म्हणावं?

ऋतिका नवरी नाही. मेंढा तर नाहीच, घरात तीच सगळ्यांना शिंगं मारते.

तर राहिलं तिसरं. ऋतिकाची ऑस्ट्रेलियाच्या नौदलात निवड झालीय. इंजिनिअर ऑफिसर म्हणून. या महिनाअखेरीला नाही, पुढच्या महिनाअखेरीला जर्विस बे इथल्या नौदलाच्या तळावर ट्रेनिंग सुरू होईल आणि मग बोटीवर. जिथे बाबा होते तिथेच, खाली इंजिनरूममध्ये.

थांब. पाणी पी आणि मग पुढचं वाच.

मला मार्चमध्ये कळलं. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. मग बोलले ते नको ते बोलले. म्हटलं, "तुझ्या आजीने काय सोसलंय तुला माहीत आहे का?"

ती म्हणाली, "नाही माहीत. हाऊ वुड आय? तुम्ही दोघी कधी बोलताच नाही त्याबद्दल. आजोबा वॉरमध्ये गेले, एंड ऑफ स्टोरी."

सलिल दोघींकडे बघून मान हलवत होता, हो म्हणून की नाही म्हणून ते त्यालाच माहीत. मी तडक शेजारी गेले आणि नेर्मिनवर तुटून पडले, की तूच तुझ्या बोटीच्या गोष्टी सांगून माझ्या पोरीचं डोकं फिरवलंस. तिने शांतपणे चहा ओतला. म्हणाली, "मीना, लव्ह, माझ्या आजोबांना कोणी विचारलं नव्हतं. धरून नेलं. युअर गर्ल इज चूझिंग. आणि एक सांग, पाण्यात पडलेल्या माणसाला वर कोण घेतं? जी बोटीवर असते तीच ना? किचनमध्ये बसलेली तू आणि मी नाही, मेट."

मी चहा न पिता घरी आले आणि बाथरूमचं दार लावून रडले. ती गोष्ट मी अकरा वर्षं ऐकत होते, आणि दर वेळी मनात एकच यायचं, जे तुला कधी बोलले नाही. बाबांना का नाही मिळाला असा एखादा काळा हात? एकाहत्तरच्या डिसेंबरात त्यांची बोट गेली, मी तुझ्या पोटात होते. मला त्यांची आठवणसुद्धा नाही, तरी नेर्मिनची गोष्ट सदऱ्यावरच्या बोटांपाशी आली की मी त्या सदऱ्यात बाबांनाच बघते. ऋतिकाला हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, मग मला तर गेलंच पाहिजे." हे मात्र ती अख्खं मराठीत म्हणाली.

मी तिला अडवणार नाही. मला भीती वाटते, रोज वाटते. पण तिचा अभिमान त्याहून जास्त वाटतो, हे तुझ्यापाशी कबूल करते.

आता तुझं. मी कॉलेजात असताना लीनामावशीने मला एक सांगितलं होतं. तिला रागावू नकोस. बाबा शेवटचे निघाले तेव्हा तू त्यांच्या हातावर दही घातलंस. त्यानंतर कोणाच्याच हातावर घातलं नाहीस. माझ्या दहावीला नाही, लग्नात नाही. मी इकडे यायला निघाले तेव्हा मावशीने वाटी आणून तुझ्यापुढे धरली, तर तू आत जाऊन भांडी घासत बसलीस. टॅक्सीचा हॉर्न वाजत होता आणि मी तुझ्यावर चिडले होते. तुझा हातगुण वाईट, असं तू इतकी वर्षं धरून बसली आहेस ना? त्यासाठी समुद्र सोडून साताऱ्याला शाळेत नोकरी धरलीस, पण तो हात तर बरोबरच आला.

आई, तुझ्या दह्याचा काही दोष नव्हता. टॉर्पेडो लागला आणि बाबांपर्यंत कोणाचा हात पोचला नाही. एवढंच झालं. यात तू कुठेच नाहीस.

ऋतिका ५ जुलैला साताऱ्याला येतेय, पाच दिवसांसाठी. आजीला सांगितल्याशिवाय मी जाणार नाही, असं तिने मला बजावलंय. तिला बाबांबद्दल विचारायचं आहे. बाबा गात होते का, चिडायचे का, पानात काय टाकायचे, सगळं. तिला सांग. मलाही ती येऊन सांगेल, मग मलाही कळेल. रडू आलं तर रड, ती घाबरणारी नाही. तिला बोल लावायचे असतील तर तेही लाव.

पण निघताना ती उंबऱ्यापाशी उभी राहून हात पुढे करील. मी तिला तसं सांगून ठेवलंय. त्या वेळी आत जाऊ नकोस. आदल्या रात्री विरजण लाव, आई.

तुझ्या हातांनी एकटीने वाढवलेली,
मीना